लोड ९, तरी सीपीयू मोकळा?

प्रश्न : शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फौंड्रीत हिशेबाचा ४ कोअरचा लिनक्स सर्व्हर आहे. दुपारी रखडतो. ‘अपटाइम’ कमांड लोड ९ दाखवते, पण ‘टॉप’मध्ये प्रोग्रॅम जेमतेम १० टक्के सीपीयू घेतात. असं कसं? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : लोड म्हणजे सीपीयूवर चालणाऱ्या किंवा त्याची वाट बघणाऱ्या प्रोसेसची (चालू प्रोग्रॅमची) सरासरी संख्या. लिनक्सच्या लोडमध्ये डिस्कची वाट बघत अडकलेल्या प्रोसेसही मोजल्या जातात. ‘व्हीएमस्टॅट १ ५’ (vmstat 1 5) ही कमांड चालवा; दर सेकंदाला एक अशा पाच ओळी दिसतील. पहिली ओळ सोडून द्या, ती मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. पुढच्या ओळींत ‘बी’ (b, अडकलेल्या प्रोसेस) रकान्यात ४-५ आणि ‘डब्ल्यूए’ (wa, डिस्कची वाट बघण्यात गेलेला सीपीयूचा वेळ) चढलेला दिसला, तर दुखणं डिस्कपाशी आहे. मात्र ‘एसआय’, ‘एसओ’ (si, so, म्हणजे रॅम आणि डिस्कवरच्या स्वॅपमधली ने-आण) सतत शून्याच्या वर असतील तर रॅम अपुरी पडतेय. मग नुसती डिस्क बदलून भागणार नाही. डिस्क कोण खातंय ते रूट (सर्वाधिकार असलेलं खातं) म्हणून ‘आयओटॉप’ (iotop) चालवल्यावर कळेल. आमचा पहिला संशय दुपारी लावलेल्या बॅकअपवर!