हुश्श कुठे झालं?

सोलापूर,
१५ जानेवारी

पोरी,

अनेक आशीर्वाद.

लेख मिळाला. होम मैदानावर गड्ड्याची जत्रा भरलीय, नंदीध्वजांच्या मिरवणुकीमुळे निम्मे रस्ते बंद, त्यामुळे घरीच होतो आणि दोनदा वाचून काढला. तुझा प्रश्न सरळ आहे. मेक्सिको-ग्वातेमालातल्या माया लोकांवरचा ‘अपोकॅलिप्टो’ हा चित्रपट वंशद्वेषी आहे की नाही, एकदाच काय ते सांगा, म्हणजे शेवटचा परिच्छेद लिहून मोकळी होते. तुझी रूममेट म्हणते की माया लोक नरबळी देतच होते, मग दाखवलं तर बिघडलं कुठे? आणि तुला उत्तर सुचत नाही म्हणून तू चिडली आहेस, हे लेखात ओळीओळीत दिसतंय.

आधी पहिला परिच्छेद काढून टाक. ‘इतका रक्तपात दाखवला म्हणजे त्या लोकांचा अपमानच’ असं तू लिहिलंयस. ते टिकणार नाही. बोनाम्पाक या जुन्या माया नगराच्या भिंतींवर आठव्या शतकाच्या अखेरीस माया चित्रकारांनीच युद्धकैदी रंगवलेत, त्यांच्या बोटांतून रक्त ठिबकतंय. चिचेन इत्झा या दुसऱ्या माया नगराच्या पवित्र डोहातून माणसांची हाडं निघाली आहेत. तू हे नाकारलंस की कुणीतरी त्या भित्तिचित्राचा फोटो टाकेल आणि तुझा लेख तिथेच संपेल. रूममेट अर्धी बरोबर आहे, तिला तेवढं देऊन टाक.

चित्रपटालाही त्याचं माप दे. २००६ साली हॉलिवूडच्या एका बड्या दिग्दर्शकाने, मेल गिब्सनने, अख्खा चित्रपट युकाटेक माया भाषेत केला. पडद्यावरची बहुतेक माणसं अमेरिका खंडांतल्या मूळ रहिवाशांपैकी आहेत. नायक त्यांचा, त्याची बायको, त्याचं पोर, बापाची थट्टा, सासूचा जाच, हे सगळं पहिल्या वीस मिनिटांत इतकं जवळचं वाटतं की आपल्या वाड्यातलंच कुटुंब बघतोय असं वाटावं. हे लिहायला कंजूषपणा करू नकोस.

आता चुका. त्या तू यादीसारख्या लिहिल्यास, पण त्यांतली सगळ्यात मोठी तीन ओळींत उरकलीस. दक्षिणेकडची मोठी माया नगरं ओस पडली ती नवव्या शतकाच्या सुमारास. स्पॅनिश लोक मायांच्या युकातान द्वीपकल्पाच्या किनाऱ्याला लागले सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला. चित्रपटात मात्र सडलेलं नगर आणि किनाऱ्यावरची जहाजं यांच्यामध्ये दोन दिवसांचंही अंतर नाही. वाचकाला हे कळायला आपल्याकडचं माप वापर. गुलबर्ग्याच्या बाजूला मळखेड आहे ना, राष्ट्रकूटांचं मान्यखेट? ते ९७२ साली लुटलं गेलं. उद्या कुणी चित्रपटात मान्यखेट जळताना दाखवलं आणि पुढच्याच दृश्यात वास्को द गामाचं गलबत कालिकतला लावलं, तर तू खुर्चीतून उठशील. मायांच्या बाबतीत झालेली उडी त्याहूनही लांब आहे.

ग्रहणाची गोष्ट तर मला फारच आवडते. नायकाचा बळी द्यायच्या वेळी खग्रास सूर्यग्रहण लागतं, लोक हवालदिल होतात, आणि त्याच रात्री आकाशात पूर्ण चंद्र! सूर्यग्रहण अमावास्येला असतं हे माझ्या निरक्षर आजीला ठाऊक होतं. आणि हे कुणाच्या बाबतीत? ज्यांच्या हाती लिहिलेल्या पोथीत, आज जी ड्रेस्डेनला आहे, ग्रहणांची कोष्टकं मांडलेली आहेत त्यांच्या! मक्याची शेती हा ज्यांच्या जगण्याचा आणि देवधर्माचा कणा, त्यांच्या गावाभोवती एक शेत दिसत नाही. नायकाचं गाव नुसती शिकार करून जगतं आणि जवळच्या एवढ्या प्रचंड नगराची त्याला गंधवार्ता नाही. मोठ्या प्रमाणावरच्या नरबळींची वर्णनं स्पॅनिशांनी लिहून ठेवली ती मुख्यतः मध्य मेक्सिकोतल्या अझ्टेकांची. ती उचलून इथे आणली आहेत.

पण नुसत्या चुका म्हणजे वंशद्वेष नव्हे. आपल्या ऐतिहासिक चित्रपटांत काय कमी चुका असतात? बघायचं ते हे, की चुका कुठल्या बाजूला झुकतात. भाजीवाल्याचं माप एकदा कमी भरलं तर आपण चूक म्हणतो. दर वेळी कमीच भरलं की म्हणतो, काटा मारला. इथे दर चुकीने रक्त वाढलंय आणि अक्कल घटलीय. पोथ्या गेल्या, शेतं गेली, उरला तो सुरा.

आणि जो काटा सगळ्यात जड मारलाय तो अगदी सुरुवातीला, चित्र दिसायच्याही आधी. मोठी संस्कृती आधी आतून नासते, मगच बाहेरचा तिला जिंकतो, अशा अर्थाचं विल ड्युरंट या इतिहासकाराचं वाक्य पडद्यावर येतं. ते वाक्य मुळात रोमबद्दलचं. ते मायांना लावलं की स्पॅनिशांचा हिशेब आपोआप मिटतो. १५६२ साली मानी गावात दिएगो दे लांदा या पाद्र्याने माया पोथ्यांची होळी केली. आज त्यांच्या मोजून चार पोथ्या शिल्लक आहेत. आणि ‘आतून नासलेले’ हे लोक लढत किती काळ होते? त्यांचं शेवटचं स्वतंत्र नगर पडलं १६९७ साली. तेव्हा औरंगजेबाची छावणी आपल्या मंगळवेढ्याजवळ, ब्रह्मपुरीला होती. इतका उशीर! हे लेखात घाल, सोलापूरचा वाचक ही तारीख विसरणार नाही.

आता माझी एक चूक सांगतो. ती अजून खुपते.

आम्ही कॉलेजात शनिवारी दुपारी चित्रपट दाखवायचो. वर्गाच्या खिडक्यांना सोलापुरी चादरी बांधून अंधार करायचा, भाड्याचा प्रोजेक्टर, आणि स्पीकर असा की पाऊस पडला तरी वाटावं पापड तळतायत. हा चित्रपट लावायच्या आधी मी छोटंसं भाषण ठोकलं. ‘एक थोर संस्कृती आतून कशी पोखरत जाते ते बघा.’ म्हणजे पडद्यावरचं वाक्य मीच आधी म्हणून टाकलं. पोरं खूश. पिरॅमिडवर छाती फाडतात तेव्हा ‘काय मारलंय बे!’ असा गलका झाला, शिट्ट्या झाल्या. मलाही वाटलं, कार्यक्रम रंगला.

दाराजवळच्या खुर्चीत एक मुलगा बसायचा. सेटलमेंट वस्तीत राहणारा. फार बोलायचा नाही, पण शेवटी चादरी सोडून नीट घड्या घालायचा तो एकटाच. सोमवारी मला जिन्यात भेटला आणि म्हणाला, ‘सर, शेवटी ती जहाजं दिसतात, पाठलाग करणारे दोघं थबकतात, नायक वाचतो. तेव्हा मला हुश्श झालं. मग घरी जाताना वाटलं, आपल्याला हुश्श झालं ते कुणाला बघून?’

मी म्हणालो, ‘अरे, सिनेमाच आहे शेवटी.’ आणि तासाला निघून गेलो. तीस वर्षं इतिहास शिकवलेल्या माणसाचं हे उत्तर!

हे खरं की चित्रपटातला नायक त्या जहाजांकडे पाठ फिरवतो आणि बायकोपोरांना घेऊन जंगलात शिरतो. दिग्दर्शकाचं रक्षण करणारे हे सांगतात, आणि ते चूक नाही. पण त्या मुलाने पकडलं होतं ते आपल्या छातीत काय होतं ते. दोन तास आपले लोक आपल्याच लोकांना कापताना बघितल्यावर बाहेरचा कुणीही आला तरी श्वास मोकळा होतो.

तुला आपल्यावर बेतलेला असाच चित्रपट आठवत असेल. ‘इंडियाना जोन्स अँड द टेंपल ऑफ डूम’, १९८४ चा. आपल्या सरकारने पटकथेला आक्षेप घेतला, म्हणून चित्रीकरण श्रीलंकेत झालं. त्यात ठगांचा म्होरक्या झालेला अमरीश पुरी कालीच्या नावाने जिवंत माणसाच्या छातीत हात घालून काळीज काढतो. आता ठगांबद्दल ज्यांनी लिहून ठेवलं त्यांनीही ते रुमालाने गळा आवळत असंच लिहिलंय. काळीज काढणं हे अझ्टेकांकडून उसनं आणून कालीच्या माथी मारलेलं. बघ, एकच सुरा आहे, तोच मायांच्या हातात देतात, तोच आपल्या. मेजवानीत माकडाचा मेंदू वाढतात ते वेगळंच.

आम्ही हा चित्रपट व्हिडिओवर पाहिला, पोटभर हसलो, आणि शेवटी झुलत्या पुलाजवळ गोरा कॅप्टन शिपाई घेऊन येतो तेव्हा टाळ्याही वाजवल्या. गोष्ट घडते १९३५ साली. त्याच्या चारच वर्षं आधी, १२ जानेवारी १९३१ ला, मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी दिलं होतं. त्याच्या आदल्या मे महिन्यात या शहरावर मार्शल लॉ होता. तीन दिवसांपूर्वी चार पुतळ्यांना हार घालून आलेलो आपण, आणि हुश्श होतं ते त्या कॅप्टनला बघून!

या ठगांची जगभर ख्याती केली ती फिलिप मेडोज टेलर या इंग्रज अधिकाऱ्याच्या १८३९ च्या कादंबरीने. हाच टेलर पुढे १८५३ पासून नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार बघत होता. आपल्या हैदराबाद रोडवरचं नळदुर्ग, एसटीने तासाभराचं. माणूस दुष्ट नव्हता, रयतेत मिसळणारा, लोकांच्या उपयोगाची कामं करणारा होता. म्हणून तुला सांगतो, लेखात दिग्दर्शकाच्या मनात द्वेष होता की नाही याची उलटतपासणी करत बसू नकोस. त्याने काहीच हाती लागत नाही. कर्नल स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याची ठगीविरोधी मोहीम, तिच्यातले माफीचे साक्षीदार, त्यांच्या जबान्या, त्यांवर रंगलेल्या गोष्टी, यांतून एक समज घट्ट झाली, की काही जातींच्या रक्तातच गुन्हा असतो. १८७१ साली त्या समजुतीचा कायदा झाला. पुढे त्याच धर्तीच्या कायद्याखाली कैकाडी, पारधी, भामटे, टकारी अशा जमातींची माणसं आपल्या गावात तारेच्या कुंपणाआड ठेवली, हजेरी लावली, गिरणीत कामाला धाडली. ती जागा म्हणजे सेटलमेंट. रिक्षावाला आजही तेच नाव घेतो आणि आपल्याला ते इंग्रजी नाव खटकतही नाही. १९५२ च्या ३१ ऑगस्टला कायदा देशभर रद्द झाला. समज कधी रद्द झाली ते पोलीस चौकीत विचार.

म्हणजे गोष्ट पडद्यावरच राहत नाही. मायांचंही तसंच. ते संपलेले लोक नाहीत, आजही लाखोंनी आहेत. ग्वातेमालातलं छत्तीस वर्षांचं यादवी युद्ध १९९६ साली थांबलं. सत्यशोधन आयोगाच्या अहवालात, ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया होते, आणि बहुतेक हत्या सरकारी बाजूने झालेल्या. त्यानंतर दहाच वर्षांनी जगभरच्या थिएटरांत माया दिसले ते एकमेकांची मुंडकी पायऱ्यांवरून गडगडवताना. तुझ्या रूममेटला हे सांग. ‘बळी देत होते की नव्हते’ याच्या पुढचा प्रश्न हा आहे.

एक भाग तुझ्या लेखात नाही आणि तो मला हवाय. आपण काय करतो? आपल्या ऐतिहासिक चित्रपटांत शत्रू आला की पडदा काळोखा होतो, तो काजळ घालून मांसाचे लचके तोडतो, आणि आपल्या माणसाच्या तलवारीला मात्र कारण असतं, आई असते, शपथ असते. आदिवासी आले की पिसं, भाले आणि झिंगालाला. लहानपणी गड्ड्यात एका तंबूत मी दहा पैसे देऊन ‘जंगली माणूस’ बघितला होता. काजळी फासलेला, गळ्यात हाडं, पिंजऱ्यात उड्या मारत होता. तंबूच्या मागे लघवीला गेलो तर तोच बाकड्यावर बसून बशीतून चहा फुरकत होता, आणि सोबतच्या बाईला तेलुगूत सांगत होता की पाठ भरून आलीय. मी पुन्हा पुढच्या बाजूला जाऊन दहा पैसे दिले. मागचं बघूनही पुढचं बघायला गेलो, हे लक्षात ठेव. असा प्रेक्षक असतो.

आता काम. चित्रपट पुन्हा बघ, या वेळी वही घेऊन. पडद्यावरची कुठली माणसं तुला नावाने आठवतात ते लिही आणि कुणाची नुसती गर्दी आठवते ते लिही. कुणाच्या हिंसेला कारण आहे, कुणाची बिनकारणाची आहे. आणि तुला हुश्श कुठे झालं, त्या जागेची वेळ मिनिट-सेकंदासह टिपून ठेव. लेखाची सुरुवात तिथून कर. ‘वंशद्वेषी’ हा शब्द शेवटापर्यंत आला नाही तरी चालेल, आला तर एकदाच.

तो मुलगा आता चाळिशीकडे झुकलाय, एमआयडीसीत नोकरी करतो. मागच्या वर्षी मी त्याला गाठून त्या जिन्यातल्या उत्तराबद्दल माफी मागितली. त्याला चित्रपट आठवत होता, माझं उत्तर आठवत नव्हतं, किंवा तो तसं म्हणाला. त्याच्या घरी आजीचा एक कागद आहे, गिरणीत जायच्या परवानगीचा, खाली तिचा अंगठा. येत्या रविवारी मी तिकडे चाललोय. यायचं तर सकाळी दहाला सात रस्त्यावर थांब. वही आणू नकोस, आणि त्याच्या वडिलांनी विषय काढल्याशिवाय तू काढू नकोस. येताना आईला सांगून शेंगाचटणी आण, त्यांच्याकडे भाकरी होईलच.

तुझे,
सर