अठरा दिवस गोळी घेतली, तरी मन उठत नाही

“मॅडम, अठरा दिवसांत मळमळ तेवढी झाली, मन होतं तिथंच. मेंदूतलं रसायनच आटलंय का? की ते केटामीनचं इंजेक्शन घेऊन टाकू? दोन तासांत बरं करतं म्हणे.”

चाळिशीतले हे गृहस्थ नैराश्यावरची एस्सिटालोप्राम ही गोळी, १० मिलिग्रॅम, घेत होते. ‘रसायन कमी पडलं’ हे समजायला सोपं, पण घोटाळा तिथंच होतो. गोळीचा मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावरचा परिणाम काही तासांत सुरू होतो. मनाला उभारी यायला मात्र दोन ते चार आठवडे लागतात, पुरता अंदाज यायला सहा-आठ.

त्यांना कागदावर फांदी काढून दाखवली, तिच्यावर बारीक कोंब. मेंदूतल्या पेशी ग्लुटामेट या रसायनामार्फत एकमेकींना जे निरोप धाडतात, ते बहुतांशी अशा कोंबांवर उतरतात. तिथला एएमपीए ग्राही (पेशीवरचा, निरोप झेलणारा रेणू) निरोप आत घेतो. एनएमडीए या दुसऱ्या ग्राहीमुळे दोन पेशींमधला जोड पक्का होतो किंवा सैल पडतो. दीर्घ ताणात कपाळामागच्या भागात आणि हिप्पोकॅम्पस या आठवणींशी निगडित भागात हे कोंब झडतात, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. नवे फुटतात, पण सावकाश.

केटामीन, मुळात भुलीचं औषध, एनएमडीए ग्राही अडवतं. त्यातून ग्लुटामेटची लाट उठते, एएमपीए जागे होतात आणि जोड वाढवणारी प्रथिनं कामाला लागतात, असं मानलं जातं. मात्रा वजनाच्या किलोमागे ०.५ मिलिग्रॅम, ४० मिनिटांत शिरेतून. काही तासांत बरं वाटू शकतं, हे खरं. पण एका मात्रेचा असर साधारण आठवड्यात ओसरतो, त्या वेळी रक्तदाब चढतो, काहींना आपण देहाबाहेर असल्यासारखं वाटतं. एरवी दोन औषधं नीट घेऊनही गुण न आलेल्यांसाठी, मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीत त्याचा विचार होतो. पहिल्याच गोळीच्या अठराव्या दिवशी नाही.

मग ठरलं ते असं: गोळी रोज ठरल्या वेळी, मळमळ असेपर्यंत जेवणानंतर. स्वतःहून बंद नाही, नाहीतर चक्कर आणि डोक्यात झिणझिण्या. मन नसलं तरी सकाळी वीस मिनिटं चालणं. दर दोन आठवड्यांनी पीएचक्यू-९, म्हणजे नैराश्य किती ते मोजणारी प्रश्नावली. पत्नीला वेगळं बसवून सांगितलं: बेचैनी वाढली किंवा मरणाची भाषा आली, तर पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही. तडक डॉक्टर, किंवा टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६.

सहाव्या आठवड्यात प्रश्नावलीचे गुण १९ वरून ११ वर आले; गुण कमी म्हणजे त्रास कमी. ही घट पुरेशी नव्हती, म्हणून डॉक्टरांनी मात्रा १५ केली. ‘फारसा फरक नाही,’ हे गृहस्थ म्हणाले. पत्नी म्हणाल्या, “परवा दाढी करताना रेडिओ लावला होता यांनी.”