कॉलेजच्या सॉफ्टबॉल संघाची हंगामातली पहिली स्पर्धा कशी बघावी?

तुमची भाची यंदा रत्नागिरीतल्या कॉलेजच्या सॉफ्टबॉल संघात आली आहे. गणपतीनंतरच्या पहिल्याच स्पर्धेला तुम्ही दोन्ही दिवस संघाबरोबर असणार आहात. क्रिकेट चांगलं कळतं, हा खेळ मात्र नवा आहे. नेमकं काय बघायचं आणि पहिल्या स्पर्धेवरून संघ कसा आहे हे ओळखता येतं का, असं तुम्ही विचारलंय.

ओळखता येतं, पण फलकावरून नाही. एखादीच्या हातून चेंडू सुटला की पुढच्या चेंडूआधी बाकीच्या आठजणी काय करतात ते बघा. पहिल्या स्पर्धेत मला तरी याहून भरवशाची खूण दिसलेली नाही. मी कॉलेजात असताना सेकंड बेस या जागेवर खेळायचे, आणि आता नोकरी सांभाळून आमच्या भागातल्या एका कॉलेजच्या मुलींचं स्कोअरबुक लिहिते. त्यामुळे हे सगळं वहीत उतरलेलं आहे.

आधी आपल्याकडची परिस्थिती लक्षात घ्या, नाहीतर पहिल्याच सामन्यात तुम्ही मुलींवर अन्याय कराल. जून ते सप्टेंबर मैदान हातात नसतं. पिचिंगचा, म्हणजे चेंडू टाकण्याचा, सराव छपराखाली होऊ शकतो. मुलींच्या सामन्यात पिचर ४३ फुटांवरून चेंडू टाकते, तेवढा लांब व्हरांडा मिळाला की पुरे. बॅटिंगसाठी हॉलमध्ये जाळं बांधून चेंडू मारता येतात. फिल्डिंगला मात्र मैदानच लागतं. फरशीवरून सरपटत येणारा चेंडू सरळ हातात येतो. सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या पठारावरच्या, मैदानात चार महिन्यांच्या पावसाने माती वाहून गेलेली असते, जांभ्याचे खडे वर आलेले असतात, आणि तोच चेंडू ऐनवेळी उसळून खांद्याकडे जातो. शिवाय गणपतीत कॉलेज रिकामं. नंतर हळव्या भाताची कापणी सुरू झाली की गावाकडच्या मुली शनिवार-रविवारी शेतात. आणि एरवीही ज्यांना संध्याकाळची शेवटची एसटी गाठायची असते त्या सराव अर्धा टाकून निघतात. म्हणून आपल्याकडच्या बहुतेक संघांची पिचर पहिल्या स्पर्धेला बऱ्यापैकी तयार असते, बॅटिंग अर्धीकच्ची असते आणि फिल्डिंग सगळ्यात मागे असते. हे मुंबईच्या कॉलेजांशी तुलना करताना विसरू नका. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातली कॉलेजं मुंबई विद्यापीठाखाली येतात, त्यामुळे पुढे गाठ त्यांच्याशीच पडते.

क्रिकेट कळणाऱ्याला लागतील एवढेच नियम सांगते. सात डाव, प्रत्येक डावात तीन आऊट झाल्या की बाजू बदलते. बेस म्हणजे धावताना गाठायचे थांबे. फर्स्ट, सेकंड, थर्ड गाठून होमला, म्हणजे बॅटिंगच्या जागी, परत आलं की एक रन. दोन बेसमधलं अंतर ६० फूट. चपळ मुलगी फटका मारल्यापासून तीन-साडेतीन सेकंदांत फर्स्ट बेस गाठते, म्हणजे तेवढ्यातच चेंडू उचलून, सावरून, फर्स्ट बेसला पोचवायचा असतो. क्रिकेटमध्ये चेंडू एकदा हातातून निसटला तरी फलंदाज पुष्कळदा धावत नाही. इथे पळावंच लागतं, आणि एकदा निसटला की ती सेफ झालीच म्हणून समजा. बेसवरच्या मुलीला पिचरच्या हातातून चेंडू सुटेपर्यंत बेस सोडता येत नाही. मागून दुसरी धावत येतेय म्हणून जिला पुढे जाणं भागच आहे, तिच्यासाठी चेंडू हातात घेऊन बेसवर पाय ठेवला तरी ती आऊट. जिच्यावर अशी सक्ती नाही तिला मात्र चेंडूने शिवावं लागतं. नव्या प्रेक्षकांना चकवणारा एक नियम म्हणजे तिसरा स्ट्राइक. स्ट्राइक म्हणजे बॅटरने हुकवलेला किंवा सोडून दिलेला अचूक चेंडू, असे तीन झाले की ती एरवी आऊट. फर्स्ट बेस रिकामा असेल, किंवा दोन आऊट झालेल्या असतील, आणि कॅचरच्या, म्हणजे बॅटरमागे बसलेल्या मुलीच्या, हातून तिसऱ्या स्ट्राइकचा चेंडू निसटला, तर बॅटर पळू शकते. 'आऊट झाली ना, मग पळतेय का?' असं अख्खा मांडव विचारत असतो, तेव्हा कॅचरकडे बघा. आघाडी फार वाढली तर सामना लवकर थांबवतात. पाच डावांनंतर सात रनांची आघाडी असली की निकाल, हे आंतरराष्ट्रीय सामन्यांतलं प्रमाण आहे. स्थानिक आयोजक यात थोडा फेरफार करतात, तो सकाळीच कॅप्टनना सांगतात. सात डावांनंतरही बरोबरी राहिली तर आठव्यापासून प्रत्येक संघाला सेकंड बेसवर एक रनर ठेवूनच डाव सुरू करायला मिळतो.

आता मूळ मुद्दा. मागच्या हंगामात आमच्या मुली पहिल्या स्पर्धेतला पहिला सामना पाच डावांत ११-२ असा हरल्या. मांडवात बसलेल्या पालकांचे चेहरे पडले. माझ्या वहीत मात्र समोरच्या संघाचे खरे हिट, म्हणजे कुणाच्या चुकीशिवाय फटक्यावर गाठलेले बेस, फक्त चार होते. बाकीचे रन वॉक (पिचरच्या चार चुकीच्या चेंडूंमुळे बॅटरला फुकट मिळालेला फर्स्ट बेस), कॅचरमागे गेलेले चेंडू आणि एकामागून एक झालेल्या चुका यांतून आले होते. त्यातही 'एकामागून एक' हे महत्त्वाचं. शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मधल्या फिल्डरच्या, पायांतून चेंडू गेला, लेफ्ट फिल्डर जागीच उभी, तिने घाईत उचलून होमकडे भिरकावला, तिथे पिचर मागे गेलेलीच नव्हती, चेंडू थेट कुंपणापर्यंत. मूळ चूक एक आणि रन तीन. दुपारच्या सामन्यात चुका जवळपास तितक्याच झाल्या. पण या वेळी शॉर्टस्टॉपने थ्रो बाहेर टाकला तेव्हा राइट फिल्डर आधीच फर्स्ट बेसच्या मागे पोचलेली होती. चेंडू तिच्या हातात, रनर आहे तिथेच. पिचरने शॉर्टस्टॉपकडे बघून दोन बोटं वर केली, म्हणजे दोन आऊट आहेत, पुढची घेऊ. तो सामना ५-४ ने आमचा. दोन सामन्यांच्या मधल्या वेळात सराव झालाच नव्हता, फक्त आमच्या प्रशिक्षक मॅडमनी जेवताना प्रत्येकीला एकच प्रश्न विचारला होता: 'चेंडू तुझ्याकडे नव्हता तेव्हा तू कुठे होतीस?'

म्हणून तुम्हीही चेंडूवरून नजर हटवायची सवय करा. सुरुवातीला जड जातं. एक युक्ती सांगते, प्रत्येक डावाला एकाच मुलीला बघायचं. भाची ज्या जागेवर असेल तिथून सुरुवात करा, मग इतर. बंट झाला, म्हणजे बॅटरने बॅट नुसती आडवी धरून चेंडू पुढ्यात हळूच टाकला, की सेकंड बेसवरच्या मुलीकडे बघा. फर्स्ट बेसची मुलगी बंट उचलायला पुढे धावते, तेव्हा ती मोकळी झालेली जागा सेकंड बेसने घ्यायची असते. पहिल्या स्पर्धेत दर चौथ्या संघाची फर्स्ट बेस या क्षणी रिकामी दिसेल, चेंडू उचललेली मुलगी हात वर करून उभी आणि द्यायला समोर कोणीच नाही. जो संघ ही जागा न सांगता भरतो तो डिसेंबरपर्यंत बराच पुढे जातो. माझी स्वतःची जागा तीच होती, त्यामुळे या बाबतीत मी जरा जास्त कडक आहे.

पिचरबद्दल वेगळं लिहायला हवं. कॉलेजच्या संघांत भरवशाची पिचर बहुधा एकच असते, आणि दोन दिवसांत तीन-चार सामने असतात. हात खालून फिरतो म्हणून खांदा दमत नाही असं पुष्कळजण धरून चालतात, ते खरं नाही. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये जपानच्या युकिको उएनोने दोन दिवसांत तीन सामने टाकले, एकूण ४१३ चेंडू, आणि जपानला सुवर्ण मिळवून दिलं. ही गोष्ट आमच्याकडेही मुलींना सांगितली जाते, आणि ती आहेच तशी. पण ती वर्षानुवर्षं तयार झालेली खेळाडू होती, ऑलिंपिकची फायनल समोर होती. पावसाळाभर व्हरांड्यात टाकणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलीकडून हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात तशी अपेक्षा ठेवणं मला मुळीच पटत नाही. तुम्हाला दमलेली पिचर ओळखता येईल. गुडघ्याच्या उंचीला येणारा चेंडू छातीशी यायला लागतो, टाकतानाचं पाऊल आखूड पडतं, दोन चेंडूंमधला वेळ वाढतो. अशा वेळी सरांनी दुसऱ्या, कच्च्या पिचरला उभं केलं आणि सामना हातचा गेला, तर त्यांना बोल लावू नका. पहिल्या स्पर्धेत दुसऱ्या पिचरला चेंडू देणारा प्रशिक्षक पुढचं बघतोय.

उएनोचीच आणखी एक गोष्ट इथे लागू पडते. टोकियो ऑलिंपिक २०२१ मध्ये झालं, तिथे साखळीतल्या शेवटच्या सामन्यात अमेरिकेने जपानला २-१ असं हरवलं होतं. दुसऱ्याच दिवशी त्याच दोन संघांची फायनल झाली, जपान २-० ने जिंकलं. उएनो तेव्हा ३९ वर्षांची होती. एका हरलेल्या सामन्यावरून संघ ओळखता येत नाही तो असा.

सड्यावरच्या मैदानाची एक खासियत आहे. सकाळी हवा पडलेली असते, अकरा-बारानंतर खारे वारे सुटतात. उंच उडालेला चेंडू मग समुद्राकडून आतल्या बाजूला सरकत जातो, आणि घाटावरून आलेल्या संघांची आऊटफिल्ड, म्हणजे लांब उभ्या असलेल्या तिघी, दुपारी तीन-चार पावलं चुकते. आपल्या मुलींना हे सवयीने माहीत असायला हवं. भाचीचा संघ दुपारच्या सामन्यात आऊटफिल्ड कुठे उभी करतो ते बघा. परतीच्या पावसाची सर आली तर चेंडू ओला होतो, बोटांतून सटकतो, तेव्हा वॉक वाढले तर तो पिचरचा दोष धरू नये. एक जुना कोरडा टॉवेल बरोबर ठेवा, डगआऊटमध्ये, म्हणजे संघाच्या बाकांपाशी, कोणीतरी मागतंच.

बसायचं कुठे? फर्स्ट बेसच्या बाजूला, जरा मागे. पूर्ण पाठीमागे बसायचं तर जाळ्याच्या आडच. आमच्याकडे बॅकस्टॉपला, म्हणजे कॅचरमागच्या आडोशाला, मिरकरवाडा बंदरातून आणलेलं मासेमारीचं जुनं जाळं बांधतात, ते उत्तम काम देतं. चेंडूचा घेर १२ इंच आणि वजन साधारण १८० ते २०० ग्रॅम, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षा जास्त. फाऊल, म्हणजे रेषेबाहेर मारलेला, चेंडू कुठेही येतो, त्यामुळे डाव चालू असताना मोबाईलमध्ये मान घालून बसू नका आणि लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना जाळ्यामागेच ठेवा.

जमलं तर वही घेऊन या. स्कोअर लिहिणं वाटतं तितकं अवघड नाही. प्रत्येक जागेला आकडा असतो. पिचर १, कॅचर २, फर्स्ट बेस ३, सेकंड बेस ४, थर्ड बेस ५, शॉर्टस्टॉप ६, मग लेफ्ट, सेंटर, राइट अशा ७, ८, ९. शॉर्टस्टॉपने उचलून फर्स्ट बेसला टाकून आऊट केलं की '६-३' लिहायचं. एवढं आलं की चार रकाने पाडा: हिट, वॉक, चूक, आणि चौथा चुकीनंतर गेलेल्या रनांचा. हा चौथा रकाना छापील स्कोअरबुकात नसतो, मी हाताने आखते. पहिल्या दिवशी सकाळी त्यात काय होतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी काय आहे, हे शेजारी शेजारी ठेवून बघा. आकडा खाली येत असेल तर संघ शिकतोय, मग स्पर्धेत शेवटचा नंबर आला तरी चालेल. वर जात असेल आणि तरीही संघ जिंकत असेल, तर समोरचे संघ कच्चे होते.

भाचीसाठी काय कराल? मैदानाबाहेरून सूचना ओरडू नका, तिला एका वेळी एकच आवाज ऐकायचा असतो आणि तो तिच्या सरांचा किंवा मॅडमचा. दोन सामन्यांच्या मध्ये मीठ घातलेलं कोकम सरबत आणि केळी द्या. वडापाव सगळे सामने संपल्यावर. पहिल्या वर्षाची मुलगी आहे, कदाचित पहिला दिवसभर तिला बाकावर बसवतील. तेव्हा ती बाकावर काय करतेय तेही बघण्यासारखं असतं. समोरच्या पिचरचे चेंडू मोजतेय का, कॅचर बॅटिंगहून परत आली की तिचे पॅड बांधायला धावतेय का. आमच्या मॅडम दुसऱ्या दिवशीच्या नऊजणी ठरवताना हे धरतात.

संघ हरला तर परतीच्या गाडीत सामन्याचा विषय तिने काढल्याशिवाय काढू नका. तिने काढला तर वही तिच्या हातात द्या, त्यातलं तिला तुमच्यापेक्षा जास्त कळेल. आणि ड्रॉ आदल्या संध्याकाळी किंवा त्याच दिवशी सकाळी काढतात, तेव्हा पहिल्या सामन्याची वेळ तिच्या सरांना विचारून घ्या. नऊचा सामना म्हणजे मुली साडेसातला मैदानात खडे वेचायला आणि फक्की टाकायला हजर असतात. तेव्हाच पोचलात तर खडे वेचायला तुमचेही हात लागतील.