टीकात्मक की चिकित्सक?

कायद्याच्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: ‘प्रबंधाचा आराखडा मराठीत लिहिते आहे. "क्रिटिकल अँड सोशल रिसर्च मेथड्स" याला "टीकात्मक व सामाजिक संशोधन पद्धती" असं सुचवण्यात आलं. वाचताना वाटतं, मी कायद्याला नावं ठेवायला बसले आहे. दुसरा शब्द आहे का?’

आहे, आणि चांगला रुळलेला आहे: चिकित्सक. पण ‘टीका’ का नको, ते आधी सांगतो, कारण तुमच्या विषयाचं मर्म तिथेच आहे.

टीका म्हणजे मुळात ग्रंथ उलगडून सांगणं. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका. तीत गीतेचे दोष काढलेले नाहीत. कायद्याच्या प्रांतातली गाजलेली टीका म्हणजे विज्ञानेश्वरांची मिताक्षरा, याज्ञवल्क्यस्मृतीवरची. वचन घ्यायचं, शब्दाशब्दाचा अर्थ लावायचा, दोन वचनांचं पटत नसेल तर मेळ घालायचा. आजचा ‘डॉक्ट्रिनल’ संशोधक कलमं आणि निकाल समोर ठेवून हेच करतो. म्हणजे जुन्या अर्थाने ‘टीकात्मक’ हे नाव नेमकं त्या पद्धतीला शोभतं, जिच्यापुढे जायचं म्हणून ‘क्रिटिकल’ विचार जन्माला आला! आणि आजच्या अर्थाने घेतलं तर ती नुसती दोषांची यादी होते. शब्द दोन्हीकडून चुकतो. (‘डॉक्ट्रिनल’ला बरेच जण ‘सैद्धांतिक’ म्हणतात, पण तो शब्द ‘थिअरेटिकल’ने आधीच घेतला आहे. मी ‘भाष्यपर’ म्हणेन.)

आता ‘क्रिटिकल’. त्याच्या मुळाशी ग्रीक ‘क्रिनेइन’ आहे: वेगळं करणं, निवडणं, निर्णय देणं. त्यातूनच न्याय करणाऱ्याला ‘क्रितेस’ आणि दुखण्याच्या निर्णायक वळणाला ‘क्रिसिस’ हे शब्द आले. आपल्याकडेही धान्य निवडतात आणि तंट्याचा निवाडा होतो, तो याच वाटेने. चिकित्सेची वाट तर आणखी जवळची. ‘कित्’ धातूपासून चिकित्सा होते, पाणिनीने त्यासाठी सूत्रच दिलं आहे (३.१.५). एक अर्थ रोगावर उपाय करणं. आणि ‘वि’ लागला की विचिकित्सा, म्हणजे शंका. मेल्यानंतर माणूस उरतो की नाही, ही नचिकेत्याने यमापुढे मांडलेली शंका कठोपनिषदात ‘विचिकित्सा’ याच शब्दाने येते. वैद्याची तपासणी आणि सहज मान्य न करणारी शंका, दोन्ही एका शब्दात आहेत. जुन्या पोथ्यांचे पाठ ताडून सिद्ध केलेल्या आवृत्तीला आपण चिकित्सक आवृत्ती म्हणतोच. तिथे कुणी पोथीला शिव्या दिल्या असं कुणाला वाटत नाही.

फरक एका वाक्यावर दाखवतो. समजा, कायदा म्हणतो: ‘भाडेकरूला वाजवी मुदतीची नोटीस द्यावी.’ भाष्यकार विचारेल, ‘वाजवी’ म्हणजे किती दिवस, आणि कोणत्या निकालात तसं म्हटलं आहे? सामाजिक संशोधक कोर्टाच्या व्हरांड्यात बसून पाहील: नोटीस कुणाच्या हाती पडली, ज्याला मिळाली त्याला ती वाचता आली का, आणि किती जण कोर्टाची पायरी न चढताच सामान बांधून निघून गेले? चिकित्सक संशोधक त्या ‘वाजवी’वरच बोट ठेवेल. वाजवी कुणाच्या नजरेतून? महिन्याचा पगार ठरलेल्या माणसाच्या की रोजंदारीवाल्याच्या? तटस्थ दिसणाऱ्या या शब्दामागे कुणाचं जगणं गृहीत धरलं आहे? यात निंदा कुठेच नाही. आपल्याला दिसेनासं झालेलं गृहीतक उजेडात आणणं आहे, आणि माझ्या मते कायद्याच्या अभ्यासातलं हे सर्वांत मोलाचं काम आहे.

या चिकित्सक विचाराच्या परंपरेत जर्मन तत्त्वज्ञ माक्स हॉर्कहायमर यांनी १९३७ मध्ये पारंपरिक आणि चिकित्सक सिद्धान्त यांत भेद केला. कायद्यापुरती ‘क्रिटिकल लीगल स्टडीज’ ही चळवळ १९७७ मध्ये अमेरिकेतल्या मॅडिसन इथल्या परिषदेतून उभी राहिली. सामाजिक अंगाचा धागा याहून जुना: अमेरिकन कायदेपंडित रॉस्को पाउंड यांनी १९१० मध्ये पुस्तकातला कायदा आणि व्यवहारातला कायदा वेगळे दाखवले, तर ऑस्ट्रियातले कायदेपंडित युजेन एर्लिख यांनी १९१३ मध्ये लोक प्रत्यक्ष पाळतात त्या ‘जिवंत कायद्या’वर भर दिला. अमेरिकेतले कायद्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकॉले यांचा १९६३ चा अभ्यास तर मला फार आवडतो. व्यापाऱ्यांच्या मुलाखती घेतल्यावर त्यांना दिसलं की वाद झाला की मंडळी बहुधा करारातली कलमं काढून बसत नाहीत, आपसात बोलून मिटवतात. हे भाष्यपर संशोधनाला कधीच सापडलं नसतं, कारण जो वाद कोर्टात गेलाच नाही त्याचा निकाल कुठून असणार?

‘सामाजिक’ शब्दाला तुमच्या शीर्षकात धोका नाही, कारण ‘सामाजिक संशोधन’ रूढ आहे. मात्र ‘सोशिओ-लीगल’साठी, म्हणजे कायदा समाजात कसा चालतो ते पाहणाऱ्या संशोधनासाठी, ‘सामाजिक कायदा संशोधन’ लिहू नका. वाचणाऱ्याला बालविवाह, हुंडा असल्या सामाजिक कायद्यांवरचं संशोधन वाटेल. ‘कायद्याचा समाजलक्ष्यी अभ्यास’ म्हणा.

शब्दांचा क्रमही सांभाळा. ‘चिकित्सक विधी संशोधन’ हे मी छापलेलं पाहिलं आहे. यात चिकित्सक कोण, विधी की संशोधन? शिवाय विधी म्हटलं की पूजाविधीही डोळ्यांपुढे येतो आणि चिकित्सक म्हटलं की वैद्य. विशेषण ज्याचं आहे त्याला चिकटून लिहा: ‘कायद्याचं चिकित्सक संशोधन’. बोलताना ‘तो फार चिकित्सक आहे’ म्हणजे काटेकोर, खोडी काढणारा, अशी छटा येते खरी. पण ती माणसाला लावल्यावर. पद्धतीला लावला की शब्द स्वच्छ राहतो.

तेव्हा शीर्षक असं करा: ‘समाजातील कायद्याच्या अभ्यासासाठी चिकित्सक व सामाजिक संशोधन पद्धती’. ‘टीकात्मक’चा आग्रह कायम राहिला, तर मिताक्षरेचं उदाहरण पुढे करा.