मातीतले बॅक्टेरिया आणि न जुळणारे आकडे

प्रश्न: सर, मी एस.वाय.बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीला आहे. शेतातल्या मातीतले बॅक्टेरिया मोजायचं प्रॅक्टिकल झालं. १ ग्रॅम माती ९ मिली सलाइनमध्ये, मग पुढे दहापट-दहापट डायल्यूशन (पातळ करणं), आणि प्रत्येकातलं ०.१ मिली न्यूट्रिएंट अगारवर (बॅक्टेरिया वाढवायच्या जेलीसारख्या थरावर) स्प्रेड. मायनस ४ ची (म्हणजे दहा हजारपट पातळ केलेली) प्लेट पूर्ण भरली, मायनस ५ वर ११० कॉलनी (बॅक्टेरियांचे डोळ्यांना दिसणारे ठिपके) आल्या आणि मायनस ६ वर ४२. ग्रुपमधले म्हणतात ४२ चे ११ कर आणि जर्नल सबमिट कर. शिवाय एकच कॉलनी उचलून नव्या प्लेटवर रेघांनी पसरली (स्ट्रीक केली) तरी दोन प्रकार उगवले. असं का झालं?
(एक विद्यार्थिनी, सोलापूर जिल्हा)

उत्तर: आधी ते ४२ तसेच राहू देत, खोडू नकोस. पुढची ट्यूब दहापट पातळ, म्हणून ११ च्या आसपास यायला हवे होते हे बरोबर आहे, पण ४२ का आले हे शोधणं हेच खरं प्रॅक्टिकल आणि ११ लिहिलेस की ते तिथेच संपलं.

माझा पहिला संशय पिपेटवर. सगळ्या ट्यूबना एकच पिपेट वापरली होती का? दाट ट्यूबमधले बॅक्टेरिया पिपेटला आतून चिकटून राहतात आणि पुढच्या ट्यूबमध्ये सुटतात, त्यामुळे जितकं पुढे जावं तितका आकडा फुगतो. दर ट्यूबला नवीन टिप किंवा नवीन स्टराइल पिपेट हवीच, इथे कंजूषी नको. दुसरी गोष्ट मिक्सिंगची. मातीतले बॅक्टेरिया बहुतेक करून कणांना चिकटून, पुंजक्यानेच राहतात आणि अख्खा पुंजका प्लेटवर पडला तर त्याची एकच कॉलनी होते, आत २ पेशी असोत नाहीतर २००. म्हणूनच आपण नुसता पेशींचा आकडा न देता सीएफयू (कॉलनी फॉर्मिंग युनिट, म्हणजे कॉलनी तयार करणारे घटक) लिहितो. पुढच्या ट्यूबमध्ये हलवताना तेच पुंजके फुटले तर तिथे कॉलनी जास्त दिसणार. पहिली बाटली काचेचे मणी टाकून चांगली १० मिनिटं हलवायची, पुढची प्रत्येक ट्यूब व्हॉर्टेक्सवर (ट्यूब हलवायच्या यंत्रावर) धरायची, आणि हलवल्या हलवल्या सॅम्पल घ्यायचं कारण माती लगेच तळाला बसते. आणि भरगच्च प्लेटवर जागा आणि खाणं कमी पडल्यामुळे काही कॉलनी दिसतच नाहीत, म्हणजे ११० हाही थोडा कमी आकडा असू शकतो.

आता हिशोब. ०.१ मिलीचं विसरू नकोस, बरेच जण तिथेच दहापट चुकतात. ११० वरून ग्रॅमला ११ कोटी येतात, ४२ वरून ४२ कोटी. दोन्ही प्लेट मोजायला भरवशाच्या मानलेल्या ३० ते ३०० कॉलनींमध्ये बसतात पण फरक जवळजवळ चौपट आहे. दुपटीच्या वर फरक गेला की कमी आकडा धरायचा ही जुनी रीत, तेव्हा ११ कोटी लिही, शेजारी ४२ कोटीही लिही आणि संभाव्य कारण दे. मातीचा ओलावा काढला असशील तर आकडा कोरड्या वजनावर आण, म्हणजे २० टक्के ओलावा असेल तर ११ ला ०.८ ने भाग.

स्ट्रीकिंगचं म्हणशील तर मातीच्या प्लेटवर गोल, एकटी दिसणारी कॉलनीही बऱ्याचदा शुद्ध नसते. खाली दुसरी दडलेली असते, किंवा बॅसिलससारखा पसरणारा गडी शेजारच्यांवरून गेलेला असतो. बॅसिलस मायकॉइडिसची कॉलनी तर झाडाच्या मुळांसारखे फाटे फोडत प्लेटभर जाते, एकदा बघितलीस की विसरणार नाहीस. अगारवर पाणी साचलं असेल तर हे पसरणं आणखी वाढतं, म्हणून प्लेट आधी नीट सुकवायच्या आणि उलट्या ठेवून इनक्युबेट करायच्या. कडेची, लांबची कॉलनी उचल, चार भागांत स्ट्रीक कर, दर भागाआधी लूप लाल करून गार होऊ दे, आणि हे दोन-तीन वेळा कर. सगळ्या कॉलनी एकसारख्या आल्या आणि ग्रॅम स्टेनमध्येही (रंग देऊन मायक्रोस्कोपखाली बघताना) एकच प्रकार दिसला की मगच स्लँटवर (जपून ठेवायच्या तिरक्या अगारच्या ट्यूबवर) घे.

आणखी एक, प्लेट २४ तासांत टाकून देऊ नका. खडूच्या भुकटीसारख्या कोरड्या, अगारात रुतून बसलेल्या कॉलनी पाच-सात दिवसांनी वर येतात, त्या बहुतेक स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या बॅक्टेरियांच्या. स्ट्रेप्टोमायसिन हे अँटिबायोटिक याच कुळातून १९४३ मध्ये मिळालं, आणि आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध शोधलं गेलं ते तिथल्याच मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिसमधून. पहिल्या पावसाचा तो मातीचा सुगंधही बराचसा यांचाच, पण म्हणून झाकण उघडून प्लेट हुंगायची नाही. काम झालेल्या प्लेट ऑटोक्लेव्ह करूनच टाकायच्या.

प्रश्न: मुलीच्या कॉलेजात आमच्या रानातली माती तपासली, ग्रॅमला कोट्यवधी बॅक्टेरिया निघाले. म्हणजे जमीन चांगली का?
(एक शेतकरी वाचक)

उत्तर: दादा, एवढ्यावरून नाही सांगता येत. कोट्यवधी हे बऱ्याच मातीत निघतात, आणि प्लेटवर उगवणारे बॅक्टेरिया मातीतल्या एकूण संख्येच्या साधारण एक टक्काच असतात, बाकीचे त्या अगारवर येतच नाहीत. जमिनीचं बघायचं तर सेंद्रिय कर्ब, सामू आणि क्षारता तपासून घ्या. मुलीला मात्र सांगा की पिकोव्हस्काया अगारवर (यात न विरघळणारं स्फुरद घातलेलं असतं) हीच माती लाव, कॉलनीभोवती पारदर्शक कडं दिसलं तर तो बॅक्टेरिया स्फुरद विरघळवणारा, आणि पुढच्या प्रोजेक्टला तो घेता येईल.