भाच्याच्या गाडीत जखमी झाले, भरपाई कोणाकडे मागू?

प्रश्न : चार महिन्यांपूर्वी मी भाच्याच्या मोटारीतून प्रवास करत असताना चौकात एका ट्रकशी टक्कर झाली. माझ्या उजव्या मनगटाची दोन हाडे मोडली, शस्त्रक्रिया करून धातूची पट्टी बसवावी लागली आणि मनगट अजूनही पुरते वळत नाही. मी घरीच शिवणकाम करते, वय ३८. भाच्याचीही निम्मी चूक असल्याने निम्मीच भरपाई मिळेल, असे ट्रकच्या विमा कंपनीचा माणूस सांगतो आणि एक ठोक रक्कम घेऊन सही करा म्हणतो. भाच्यावर दावा लावणे मला पटत नाही. शिवाय माझ्याकडे पगाराचा दाखला नाही. काय करावे?

उत्तर : ताई, सही करण्याची घाई करू नका. ‘निम्मी चूक भाच्याची’ हे घटकाभर खरे धरले, तरी त्यामुळे तुमची भरपाई निम्मी होत नाही. भरपाईतून वजावट होते ती जखमी व्यक्तीच्या स्वतःच्या निष्काळजीपणाबद्दल, आणि मागच्या किंवा शेजारच्या आसनावर बसलेल्या प्रवाशाच्या हाती गाडीचे चाक नसते. दोन चालकांच्या एकत्रित निष्काळजीपणामुळे तिसरी व्यक्ती जखमी झाली, तर तिला संपूर्ण रक्कम दोघांपैकी कोणाकडूनही मागता येते आणि आपापला वाटा त्या दोघांनी नंतर आपसांत वसूल करायचा असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये खेन्येई प्रकरणात निःसंदिग्ध शब्दांत सांगितले आहे. विमा कंपनीच्या प्रतिनिधीला हे ठाऊक नसेल, असे मानणे जड जाते.

याच निकालानुसार केवळ ट्रकचा मालक आणि त्याची विमा कंपनी यांच्याविरुद्धही तुम्ही दावा करू शकता. तरीही दोन्ही वाहनांचे मालक व दोन्ही विमा कंपन्या यांना सामनेवाले करावे, असे माझे मत आहे. उद्या पुराव्यावरून सगळी चूक मोटारीचीच ठरली आणि मोटारीकडचे कोणी दाव्यात नसेल, तर तुमच्या हाती काहीच उरणार नाही. भाच्याविषयीचा संकोच मी समजू शकते. अशा संकोचापायी हक्काचे पैसे सोडून दिलेली कितीतरी कुटुंबे असतात. पण हा फौजदारी खटला नव्हे, आणि विमा लागू असेल तर रक्कम भाच्याच्या खिशातून जात नाही, ज्या कंपनीला तो दरवर्षी हप्ता भरतो ती कंपनी देते. मात्र त्याआधी त्याच्याकडून दोन गोष्टी विचारून घ्या. पॉलिसी ‘पॅकेज’ (म्हणजे सर्वसमावेशक) असेल, तर खासगी मोटारीतील प्रवासीही तिच्या संरक्षणात येतात, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या निकालाने स्पष्ट झालेले आहे. केवळ कायद्यापुरती, म्हणजे थर्ड पार्टी पॉलिसी असेल, तर कंपनी जबाबदारी नाकारण्याचा प्रयत्न करील. दुसरी गोष्ट वाहन चालवण्याच्या परवान्याची. परवाना वैध नसेल, तर कंपनीने आधी तुम्हाला रक्कम द्यावी आणि मग ती मालकाकडून वसूल करावी, असा आदेश होऊ शकतो. म्हणजे अशा परिस्थितीत भाच्याच्या खिशाला झळ बसेल, ही तुमची भीती अगदीच निराधार नाही.

आता मुदत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १६६ खालील अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करावा, अशी अट १ एप्रिल २०२२ पासून पुन्हा लागू झाली आहे. या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले असले, तरी त्या भरवशावर थांबू नका, कारण तुमचे चार महिने गेलेलेच आहेत. अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे करायचा असतो, आणि अपघात परजिल्ह्यात झाला असला तरी तुम्ही राहता त्या भागातील न्यायाधिकरणाकडे तो करता येतो. पोलिसांनी अपघाताचा सविस्तर अहवाल तीन महिन्यांत न्यायाधिकरणाकडे पाठवणे अपेक्षित असते आणि तो अहवालच अर्ज म्हणून धरता येतो. तो गेला आहे का, याची पोलीस ठाण्यात चौकशी करा. व्याज अर्जाच्या तारखेआधीपासून मिळत नाही, हेही उशीर न करण्याचे कारण आहे.

चूक कोणाची हे सिद्ध न करता भरपाई देणारे कलम १६४ सुद्धा आहे. त्यात गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये ठरलेले आहेत. मात्र या कलमाखालील रक्कम विमा कंपनीशी तडजोड करून स्वीकारली, तर कलम १६६ चा दावा संपुष्टात येतो. तुमच्यासमोर ठेवलेला कागद नेमक्या कोणत्या कलमाखालचा आहे, हे वकिलाने वाचल्याशिवाय त्यावर सही करू नये, असे मी म्हणते ते यासाठी.

उत्पन्नाच्या प्रश्नाला मी सर्वांत जास्त महत्त्व देते, कारण तुमच्यासारख्या दाव्यात खरी रक्कम तिथेच ठरते. पगाराचा दाखला नसणे म्हणजे उत्पन्न नसणे नव्हे. मापांची वही, शिलाई मशीनची पावती, बँक खात्यात मोबाइलवरून जमा झालेल्या रकमा आणि नेहमीच्या दोन-तीन ग्राहकांची साक्ष, एवढे पुरेसे बोलके असते. काहीच नसेल तर न्यायाधिकरण सहसा किमान वेतनाचा आधार घेते. त्यानंतर अपंगत्वाचा दाखला. तो शासकीय रुग्णालयातून घ्या आणि देणाऱ्या डॉक्टरांना साक्षीला बोलावण्याची तयारी ठेवा. दाखल्यावरची टक्केवारी आणि कमाईच्या क्षमतेत झालेली घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार प्रकरणात २०१० मध्ये समजावून सांगितले आहे. शिवणकाम करणाऱ्या बाईचे उजवे मनगट आणि टेबलावर बसून देखरेख करणाऱ्याचे उजवे मनगट यांचे वैद्यकीय मोजमाप एकच निघाले, तरी कमाईवरचा परिणाम एक नसतो. हे तुमच्या वकिलाने आग्रहाने मांडले पाहिजे.

अंदाजासाठी एक हिशेब देते. मासिक उत्पन्न १२,००० रुपये ग्राह्य धरले गेले, तर चाळिशीच्या आतील स्वयंरोजगारी व्यक्तीसाठी भविष्यातील वाढीपोटी त्यात ४० टक्के मिळवून १६,८०० होतात. वर्षाचे २,०१,६०० झाले. वय ३६ ते ४० साठी गुणक (वार्षिक उत्पन्नाला ज्याने गुणतात तो वयानुसार ठरलेला आकडा) १५ आहे आणि कमाईतील घट २५ टक्के मानली, तर ७,५६,००० रुपये होतात. औषधोपचार, बंद राहिलेल्या काळातील बुडालेली कमाई, मदतनिसाचा खर्च, वेदना आणि पुढील शस्त्रक्रिया (पट्टी काढावी लागणार असेल, तर डॉक्टरांचे तसे पत्र घ्या) यांची रक्कम याशिवाय असते. देऊ केलेली ठोक रक्कम या आकड्याशेजारी ठेवून पाहा. लोकअदालतीत तडजोड करण्यास माझा विरोध नाही. पण ती अर्ज दाखल झाल्यावर आणि अपंगत्वाचा दाखला हाती आल्यावर करावी.

प्रश्न : मी रिक्षात बसलो असताना मागून धडक देऊन वाहन पळून गेले. क्रमांक मिळाला नाही. पाय मोडला. काही मिळेल का?

उत्तर : पळून गेलेल्या वाहनाच्या अपघातात गंभीर जखमीला शासकीय योजनेतून ५०,००० रुपये मिळतात. परंतु तेवढ्यावर थांबण्यापूर्वी रिक्षाच्या विमा कंपनीविरुद्ध कलम १६४ खाली मागणी करता येईल का, हे वकिलाकडून तपासून घ्या. तुम्ही त्या रिक्षातील प्रवासी होता आणि या कलमात रिक्षाचालकाची चूक दाखवावी लागत नाही. एफआयआर व घटनास्थळाचा पंचनामा यांत रिक्षाचा क्रमांक नोंदलेला आहे ना, ते आधी पाहा. नसेल तर पोलिसांकडे लगेच पुरवणी जबाब द्या.