बिंग फुटलं, पण फोडलं कुणी?

प्रश्न असा आहे: ‘लेट द कॅट आउट ऑफ द बॅग’, ‘स्पिल द बीन्स’ आणि ‘कम क्लीन’ या तिन्हींपुढे ‘बिंग फोडणे, गुपित उघड करणे’ असाच अर्थ दिलेला आढळतो. मग हे तिन्ही एकमेकांच्या जागी वापरता येतील का? आणि असे वाक्प्रचार नीट शिकायचे कसे?

एकमेकांच्या जागी ते चालणार नाहीत. तिन्हींत झाकलेलं उघडं पडतं हे खरं, पण उघडं पाडणारा वेगळा आणि त्याचा हेतूही वेगळा. म्हणून मराठी अर्थ वहीत उतरवण्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात: गुपित कुणाचं होतं, ते फोडलं कुणी, आणि चुकून की जाणूनबुजून.

‘लेट द कॅट आउट...’मध्ये बहुतेकदा अनवधान असतं. वाढदिवसाचा बेत गुपचूप ठरलेला असतो आणि कुणीतरी बोलण्याच्या ओघात सांगून बसतं, तसं. ‘स्पिल द बीन्स’मध्ये सांगणारा पुष्कळदा समजून-उमजून सांगतो, आग्रहाला बळी पडून किंवा त्याच्याच पोटात राहत नाही म्हणून, गुपित त्याचं स्वतःचं असेल किंवा दुसऱ्याचं. ‘कम क्लीन’ म्हणजे मात्र कबुली. आपणच लपवलेली गोष्ट, बहुधा आपलीच चूक, आपल्याच तोंडाने मान्य करणं. दुसऱ्याचं गुपित सांगून कुणी ‘कम क्लीन’ होत नाही.

फरक पक्का करायचा तर आज्ञार्थ करून पाहावा. ‘कमॉन, स्पिल द बीन्स!’ म्हणजे ‘सांग की आता!’, हे सहज चालतं. ‘कम क्लीन!’ म्हणजे ‘खरं काय ते कबूल कर’, हेही चालतं. पण ‘लेट द कॅट आउट ऑफ द बॅग!’ असा आग्रह कुणी धरत नाही, कारण अनवधानाने होणारी गोष्ट फर्मावता येत नाही. तिथे नकारच शोभतो: ‘डोन्ट लेट द कॅट आउट ऑफ द बॅग’, म्हणजे चुकून बोलून जाऊ नकोस. ही कसोटी शब्दकोशातल्या व्याख्येपेक्षा जास्त शिकवते.

आता मराठीची बाजू. ‘बिंग’ या शब्दालाच लबाडीचा वास आहे. भेटवस्तूचं गुपित फुटेल, पण तिचं ‘बिंग’ फुटणार नाही. मांजराच्या वाक्प्रचारात लबाडी असेलच असं नाही, त्यामुळे तिथे ‘गुपित फुटणं’ किंवा ‘बोलून बसणं’ जास्त बरोबर. ‘त्याचं बिंग फुटलं’ यासाठी इंग्रजीत ‘ही वॉज फाउंड आउट’ हे साधं वाक्य अचूक बसतं. तिथे प्राणी-धान्य काही आणायची गरज नाही.

व्युत्पत्तीच्या गोष्टी मात्र सांभाळून घ्याव्यात. डुकराचं पिल्लू म्हणून पिशवीत मांजर बांधून विकत असत, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. तिला त्या काळातला आधार नाही. हा प्रयोग 1760 मध्ये लंडनच्या एका मासिकात छापलेला सापडतो, आणि तिथे त्याचा अर्थ गुपित फोडणं असाच आहे. ग्रीक लोक घेवड्याच्या दाण्यांनी मतदान करत, ते सांडले म्हणून ‘स्पिल द बीन्स’, हेही तसंच. हा वाक्प्रचार विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अमेरिकेतला. मधल्या दोन हजार वर्षांत त्याचा मागमूस नाही. आठवणीसाठी कथा वापरायला हरकत नाही, पण इतिहास म्हणून सांगू नये.

सगळ्यात मोठा घात करतात ते सारखे दिसणारे वाक्प्रचार. ‘पुल समवन्स लेग’ म्हणजे ‘पाय ओढणं’ नव्हे. आपल्याकडे पाय ओढणारा दुसऱ्याची प्रगती रोखतो. इंग्रजीत तो फक्त फिरकी घेतो, खोटं सांगून गंमत करतो आणि लगेच हसतो. सहकाऱ्यांबद्दल तक्रार लिहिताना ‘दे पुल माय लेग’ लिहिलं, तर वाचणाऱ्याला वाटेल की कार्यालयात मजा चालली आहे. खोटेपणाच्या छटाही अशाच जपाव्यात: समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून बोललेलं ते ‘व्हाइट लाय’, ‘धडधडीत खोटं’ म्हणजे ‘बेअरफेस्ड लाय’, आणि ‘लोणकढी थाप’, जिचं विशेषण घरी लोणी कढवून केलेल्या अस्सल तुपाचं आहे, तिच्या जवळ जाते ‘कॉक अँड बुल स्टोरी’. ‘डोळ्यांत धूळ फेकणं’ला ‘पुल द वुल ओव्हर समवन्स आइज’ चांगलं जुळतं. ‘भिंतींना कान असतात’ आणि ‘नक्राश्रू’ तर शब्दशः जुळतात, त्यांवर वेळ घालवू नये.

वहीत लिहिताना बदलणारी जागा रिकामी ठेवून पूर्ण साचा लिहावा: ‘कम क्लीन विथ अमुक अबाउट तमुक’, ‘टेक अमुक फॉर अ राइड’. क्रियापदाचा काळ बदलतो, बाकीचं गोठलेलं असतं. मराठीत ‘अ’, ‘द’सारखी उपपदं नाहीत, त्यामुळे ‘आउट ऑफ बॅग’ असं लिहिलं जातं. ‘द’ गळू देऊ नये. ‘बीन्स’ नेहमी अनेकवचनी. ‘लेट’चा भूतकाळ ‘लेट’च. ‘कम क्लीन’मधलं ‘क्लीन’ विशेषण आहे, ते ‘क्लीनली’ करू नये. ‘टेक फॉर अ राइड’ म्हणजे गंडवणं, आणि तो बऱ्याचदा कर्मणी येतो: ‘ही वॉज टेकन फॉर अ राइड’. औपचारिक अहवालात ‘स्पिल द बीन्स’ शोभत नाही, तिथे ‘डिस्क्लोज’ लिहावं.

प्रामाणिकपणाच्या गटातला एक वाक्प्रचार वेगळा काढायला हवा: ‘कॉल अ स्पेड अ स्पेड’, म्हणजे आडपडदा न ठेवता बोलणं. यातला स्पेड पत्त्यांतला इस्पिक नाही, खणायचं अवजार आहे. प्राचीन लेखक प्लुटार्कच्या ग्रीक मजकुरात मुळात द्रोणीसारख्या भांड्याचा शब्द होता; डच विद्वान इरॅस्मसने लॅटिनमध्ये त्याचं खणायचं अवजार केलं आणि 1542 मध्ये इंग्रज अनुवादक निकोलस उडॉलने ते इंग्रजीत ‘स्पेड’ म्हणून आणलं. पुढे विसाव्या शतकात अमेरिकेत ‘स्पेड’ हा कृष्णवर्णीयांसाठी अपमानकारक शब्द झाला, आणि तो आला इस्पिकाच्या काळ्या रंगावरून. वाक्प्रचार त्याहून कितीतरी जुना आहे, तरी ऐकणाऱ्याला तो अर्थ खुपू शकतो. म्हणून वाचताना तो ओळखावा. स्वतः बोलताना ‘टु बी ब्लंट’ किंवा ‘लेट मी बी फ्रँक’ म्हणावं.